बजेटपर्यंत थांबू

गुणवंतकाकांनी पेपर उघडला तेव्हाच आईनं चहाचं भांडं जरा आपटून खाली ठेवलं, आणि मला कळलं की आज आमच्या घरात दोन पक्ष पडणार.

खरं तर बातमी आनंदाची होती. चंद्रपूरच्या शोरूममधून चौकातल्या एसटीडी बूथवर फोन आला होता. देवराव, म्हणजे माझे बाबा, यांचा नंबर लागला, बँकेचे कागद तयार आहेत, आठवड्याभरात या आणि पिकअप घेऊन जा. निरोप ऐकून माझा भाऊ राजदीप चौकापासून घरापर्यंत पळत आला. एवढा मिशीवाला माणूस आलापल्लीच्या रस्त्यानं पळतोय म्हटल्यावर हॉटेलातले लोक कोणाकडं आग लागली म्हणून बाहेर आले.

पिकअप हा शब्द आमच्या घरात वर्षभर असा बोलला जात होता, जणू कोणी पाहुणी यायची आहे. दादानं तिची जागासुद्धा ठरवली होती, हातपंपाजवळ, बदामाच्या सावलीत. सध्या त्या सावलीत जीप उभी असायची. जंगल खात्याच्या लिलावात बाबांनी घेतलेली, मागं ट्रॉली जोडलेली ती जीप म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती. आमची गाडी बाजाराची गाडी. एटापल्ली असो, भामरागड असो, ज्या दिवशी जिथला आठवडी बाजार, तिथं दुकानदारांना त्यांच्या गठ्ठ्यांसकट नेऊन सोडायचं आणि बाजार उठला की परत आणायचं. जानेवारीत भामरागडच्या वाटेवर एका नाल्याच्या चढाला जीपनं जीव टाकला, तेव्हा शकुबाई कासारणीनं बांगड्यांच्या पेट्या डोक्यावरून वर नेल्या होत्या. वर पोचून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाली, "देवरावभाऊ, होळीपर्यंत पाह्यतो मी."

एवढंच म्हणाली. पण होळीपर्यंत म्हणजे काय हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

आमच्या ओसरीत दारामागं एक सागवानी खुंटी आहे. तिच्यावर दोर टांगलेले असतात. आमचे नव्हे, दुकानदारांचे. ज्याला वर्षभर आमच्या गाडीनं जायचं, तो आपला माल बांधायचा दोर आमच्या खुंटीला टांगून जातो. सही नाही, शपथ नाही. दोर टांगला की तो माणूस आमचा आणि आमची गाडी त्याची. बदलायचं तर दिवस एकच, धुळवडीचा. त्या दिवशी दुकानदार घरी येतो, चहा पितो, आणि उठताना एक तर दोर तसाच ठेवतो नाही तर उतरवून नेतो. कोणी कारण विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. चहा मात्र प्यावाच लागतो. शकुबाईचा दोर निळ्या नायलॉनचा. चपलावाल्याचा काथ्याचा, हाताला टोचणारा. मीठ आणि सुकी मासळी विकणाऱ्या लालसूचा झाडाच्या सालीचा, त्यानं स्वतः वळलेला, आणि त्याला मासळीचा असा वास की आईनं त्याच्यासाठी खुंटीचं सगळ्यात बाहेरचं टोक राखून ठेवलं होतं. मला आठवतं तेव्हापासून त्या खुंटीवरून एकही दोर उतरला नव्हता. बाबांना त्या खुंटीचा फार अभिमान. पाहुणा आला की ते दार मुद्दाम अर्धं लोटत, म्हणजे मागचं दिसावं.

तर काकांनी पेपर उघडला.

"घाई कायले करता?" ते म्हणाले. "महिन्याअखेर बजेट हाये."

"बजेटचा अन गाडीचा काय संबंध, भाऊजी?" आईनं विचारलं.

"संबंध हाये, वहिनी. या गाडीचं इंजिन जपानहून येते. बंदरावर उतरलं का सरकार त्याच्यावर ड्यूटी लावते, आयात शुल्क. आपल्या चंद्रपुरात जकात नाका असते का नाई, तसाच हा देशाचा नाका. यंदा ते शुल्क कमी होऊन राह्यलं. इंजिन स्वस्त झालं का गाडी स्वस्त. आज घेतली तर वरचा सगळा पैसा उगाच नाक्यावर टाकून आल्यासारखा."

शकुबाई तेव्हा आईच्या हातात बांगड्या चढवत बसली होती. तिनं मान वर केली. "माह्या बांगड्या फिरोजाबादहून येते. त्याईलेबी लागते का हे शुल्क?"

"फिरोजाबाद आपल्याच देशात आहे, मावशी," मी म्हणाले.

"मंग रस्त्यातल्या नाक्यावर तो शिट्टीवाला माह्याजवळून कायचे घेते?"

सगळे हसले, काका नाही हसले. त्यांनी पेपरची घडी घालून माझ्याकडं दिली. "वाच माधवी. मोठ्यानं वाच."

मी मोठ्यानंच वाचते. जिल्हा पातळीवरच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून तर मी मिठाच्या पिशवीवरचंही मोठ्यानं वाचते. पेपरात लिहिलं होतं की वाहनउद्योगाला शुल्क कपातीची अपेक्षा आहे आणि तशी शक्यता वर्तवली जात आहे.

"काका, इथं शक्यता लिहिलंय."

"पेपरवाल्याईले नक्की ठाऊक असलं तरी शक्यताच लिहा लागते," काका म्हणाले. "कायदा हाये तसा."

असा काही कायदा नाही, हे मला नंतर आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांनी सांगितलं. पण त्या वेळी काका इतक्या शांतपणे बोलले की मलाही ते खरं वाटलं. काकांचं तसंच आहे. भद्रावतीच्या फॅक्टरीत ते ऑफिसात आहेत. तिथं त्यांच्यासारखे पुष्कळ, आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. काकू एकदा आईला म्हणाल्या होत्या, तिकडं क्वार्टरात हे तोंड मिटून पेपर वाचतात आणि तोंड मिटूनच घडी घालून ठेवतात. आलापल्लीत मात्र ते आले की खुर्ची बाहेर निघते. आम्ही चटईवर आणि ते खुर्चीवर. मला वाटतं, खुर्चीवरून ‘शक्यता’ हा शब्द उच्चारायला त्यांना जड गेलं असेल.

दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "बाबा, आता नाई म्हंलं तर नंबर दुसऱ्याले जाते. मंग आपण रांगेच्या शेवटाले."

"बजेट झालं का गाड्या भराभरा निघन," काका म्हणाले. "रांगच राहणार नाई."

"अन होळी?" दादानं खुंटीकडं पाहिलं. "लोक होळीले येतीन, काका. बजेट पाह्याले नाई येणार."

"गाडी पेपरात नोको," आई म्हणाली. "गाडी दारात पाह्यजे. जे भावानं असन त्या भावानं."

आता आईकडं दादा आणि शकुबाई, काकांकडं पेपर. बाबा कोणाकडंच नव्हते. ते जमिनीवर बोटानं रेघ ओढत होते आणि पुसत होते.

त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आईनं पुष्कळ दिवसांनी सांगितलं, आणि काही मी माझं मीच जुळवलं. काकांना शाळेत घालायचं म्हणून बाबांनी आठवीत शाळा सोडली आणि सागाचे लठ्ठे ट्रकवर चढवायला गेले. त्यांचा डावा खांदा अजून उजव्यापेक्षा खाली आहे. काका मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, आणि बाबांना आयुष्यात मिळालेलं एकमेव बक्षीस म्हणजे ‘माहा भाऊ शिकला हाये’ असं म्हणता येणं. आज त्या शिकलेल्या भावानं पहिल्यांदाच त्यांना स्वतःहून काही सुचवलं होतं. त्याला नाही म्हणणं म्हणजे आपल्याच खांद्याला नाही म्हणणं.

"थांबू," बाबा म्हणाले. "गुणवंत म्हंते तं बजेटपर्यंत थांबू."

शकुबाईनं शेवटची बांगडी चढवली. ती जरा घट्ट गेली. आई ‘स्स’ म्हणाली, पण ते बांगडीमुळे की कशामुळे, कोणास ठाऊक.

*

बजेट संध्याकाळी पाचला असायचं. फेब्रुवारीच्या त्या शेवटच्या दिवशी काका रजा काढून आले होते. आमच्या टीव्हीसमोर इतकी माणसं बसली की जणू क्रिकेटचा सामना. आईनं शेंगा भाजल्या होत्या. पडद्यावर मुंग्या आलेल्या, म्हणून दादाला अँटेना धरायला कौलांवर चढवला होता.

म्हणजे गंमत पाहा. घरात या थांबण्याच्या सगळ्यात विरुद्ध असलेला माणूस वर उन्हात अँटेना धरून उभा, आणि खाली आम्ही ओरडतोय, "जरा एटापल्लीकडं फिरव. आता सिरोंच्याकडं. हां, बस."

दादानं मला सांगितलं की वरून त्याला जीप दिसत होती. तिच्या टपावरचा गंज पहिल्यांदाच त्यानं असा वरून पाहिला. त्याला वाटलं, आपण उगीच काकांवर चिडलो. ते बरोबर ठरोत. त्यानं असंही ठरवलं की भाव उतरला तर उरलेल्या पैशात ताडपत्री घ्यायची, हिरवी, चांगली जाड, म्हणजे पावसात लालसूचं मीठ भिजणार नाही. दादा असा आहे. भांडण करता करता समोरच्याच्या बाजूनं स्वप्न पाहायला लागतो.

मंत्री इंग्रजीत बोलत होते. आमच्यापैकी कोणाला काही कळत नव्हतं, मला थोडं कळत होतं आणि काकांना सगळं कळतंय असं सगळ्यांना वाटत होतं. ते पुढं वाकून बसले होते, गुडघ्यावर कोपरं. मध्येच त्यांनी हात वर केला. खोली गप्प झाली. मीही कान टवकारले. ‘कस्टम्स ड्यूटी’ ऐकू आलं, मग एक आकडा, मग दुसरा, पहिल्यापेक्षा कमी. टीव्हीतल्या लोकांनी बाकं वाजवली.

"झालं," काका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "कमी केली, भाऊ. ड्यूटी कमी केली."

मी तुम्हाला सांगते, आमच्या ओसरीनं तेवढ्या टाळ्या माझ्या बक्षिसालाही वाजवल्या नव्हत्या. वरून दादा ओरडला, "काय झालं?" आणि त्याचा हात हलल्यामुळे मंत्री मुंग्यांमध्ये नाहीसे झाले. कोणाला त्याचं काही नव्हतं. बाबांनी स्वतः जाऊन चौकातून पेढे आणले. आईनं पहिला पेढा बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला आणि दुसरा काकांच्या हातावर. "चुकलं माहं, भाऊजी," ती म्हणाली. काका लाजले. खरंच लाजले, कानापर्यंत.

बाबा काही बोलणारे नव्हेत. पण त्या दिवशी बोलले. सगळ्यांसमोर काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माहा खांदा वाया नाई गेला."

मला अजून वाटतं की घड्याळ तिथंच थांबायला हवं होतं.

*

पुढच्या सोमवारी मी शाळेतून येत होते. बूथच्या काचेच्या खोलीत काका फोनवर आणि बाहेर बाकड्यावर दादा. मी दादाशेजारी बसले. आतलं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

आधी काका ताठ उभे होते, एक हात खिशात. काहीतरी हसून बोलले. मग ऐकत राहिले. मग खिशातला हात बाहेर आला आणि त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग ते आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. पाठीकडून त्यांच्या शर्टाची कॉलर मला दिसली. आतून झिजलेली होती आणि काकूनं ती उलटी करून शिवली होती. दादा बाकड्यावरून उठला नाही. त्याला कळलं होतं.

बाहेर येऊन काका म्हणाले, "चाल, चहा घेऊ."

"काय म्हंते ते?"

"म्हंते, ड्यूटी कमी झाली ते खरं हाये."

"मंग?"

"सगळ्यावर झाली नाई. या इंजिनाचं कलम वेगळं हाये, त्याच्यात फार फरक नाई पडला. अन डॉलर महाग होऊन राह्यला, म्हून कंपनीनं गाडीचा भाव..." काकांनी चष्मा काढला. "वाढवला. या पह्यलीपासून."

"आपला नंबर?"

"आपण सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशीच लागला. एटापल्लीचा कोणी मुखरू हाये, किराणावाला. तो घेऊनही गेला, जुन्या भावात. आपला आता पावसाळ्याच्या नंतर." मग ते इतक्या हळू म्हणाले की मीच ऐकलं असेन. "मी तं वाचलं होतं. शक्यता लिहिलं होतं, मी वाचलं होतं."

दादा तडक घरी जीपकडं गेला आणि त्यानं तिचं बॉनेट उघडलं, जणू ती काही सांगेल.

घरी काका उंबऱ्याशीच थांबले. खुर्ची बाहेर होती. ते तिच्यावर बसले नाहीत. "भाऊ," ते म्हणाले, "माह्यामुळे..."

"थांबू म्हून मीच म्हंलो होतो," बाबांनी त्यांना मध्येच तोडलं. "या घरात शब्द माहा चालते. तुहा काही दोष नाई."

"का नाई?" दादा आत आला. हाताला काळं ऑईल. "काऊन दोष नाई? घरात तीन माणसं नोको म्हणून राह्यले होते. तुमी एका माणसाचं ऐकलं. त्याईले एक शब्द बोलून पाहा ना, बाबा. मले तं क्लच जरा जोरात दाबला तरी बोलता."

"राजदीप."

"नाई, बोला ना. त्याईले बोला."

बाबा बोलले नाहीत. मला त्या क्षणी बाबांचा राग आला आणि काकांचीही कीव आली. दोन्ही एकदम कसं वाटतं हे मला माहीत नव्हतं. काकांना बोल हवे होते. ते अक्षरशः मान खाली घालून वाट पाहत होते. बाबांनी एकदा ओरडून घेतलं असतं तर ते जेवले असते, झोपले असते, पुढच्या महिन्यात परत आले असते. पण बाबांनी त्यांना माफ करून टाकलं, आणि माफीचं काय करायचं हे काकांना कळेना.

सगळ्यात गंमत म्हणजे आई. जी पहिल्या दिवसापासून विरुद्ध होती, तीच आता काकांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "भाऊजी, हात धुवा. आलूचा रस्सा केला हाये. जेवल्याशिवाय गेले तं मी बोलणार नाई तुमच्याशी."

"बस हाये, वहिनी."

"बस उद्याबी हाये."

काका त्याच संध्याकाळच्या बसनं गेले. मी त्यांना सोडायला गेले. खिडकीतून त्यांनी मला पेपर दिला, वाचायला घे म्हणाले. मी घरी येऊन पाहिलं, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

*

धुळवडीला आईनं पहाटेच ओसरी सारवली. चहाला दूध जास्तीचं सांगितलं होतं. बाबा पांढरा सदरा घालून खांबाला टेकून बसले. दार पूर्ण उघडं होतं, भिंतीला टेकवलेलं, म्हणजे मागची खुंटी दिसत नव्हती.

पहिला चपलावाला आला. जयभीम केला, चहा प्याला, उन्हाळा यंदा लवकर आला म्हणाला. उठताना त्यानं दार पुढं ओढलं, काथ्याचा दोर काढला, गुंडाळून काखेत धरला आणि गेला. बाबा म्हणाले, "सांभाळून जाय गा." मग भांडीवाला. मग कापडवाले दोघे भाऊ, ज्यांचा एकच दोर होता. त्यांच्यातल्या धाकट्याला चहा गरम लागला, त्यानं बशीत ओतून घाईघाईनं संपवला. प्रत्येक वेळी दार पुढं व्हायचं आणि परत भिंतीला लागायचं. मी रंगात भिजून आले होते आणि केस तसेच टपकत होते, पण मला आत जाववेना.

शकुबाई दुपारी आली. तिनं एक कप संपवला आणि दुसरा मागितला. दुसरा फुंकून फुंकून प्याली. आईच्या हातातली ती घट्ट बांगडी तिनं फिरवून पाहिली.

"दुखते का अजून?"

"सवय झाली," आई म्हणाली.

"माह्या गुडघ्यानं दगा देल्ला, केसरबाई. तो चढ आता पेटी घेऊन चढवत नाई."

कारण सांगायचं नसतं. तिनं सांगितलं. बाबा खाली पाहत होते. शकुबाईनं निळा दोर उतरवला आणि जाताना माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हाताला गुलाल लागला.

ऊन उतरल्यावर लालसू आला. माडिया आदिवासी माणूस, फार बोलत नाही. मराठीत तर त्याहून कमी. चहा प्याला, कप स्वतः हातपंपावर धुऊन आणला, खुंटीकडं न बघता "येतो भाऊ" म्हणाला आणि चालायला लागला.

खुंटीवर त्याचा एकट्याचाच दोर होता. मला इतकं बरं वाटलं की मी दादाचा हात धरला. एक तर राहिला. एकानं तर ठेवला.

"लालसू," बाबांनी हाक मारली.

ते उठले. खुंटीपाशी गेले. त्यांनी सालीचा तो दोर स्वतःच्या हातानं उतरवला. जीवभावाचं काही उतरवावं तसा, दोन्ही हातांवर घेऊन. "जीप या पावसाळ्याले तुले भामरागडात नेऊन सोडणार नाई, गा. अर्ध्या रस्त्यात ठेवन. तुहं मीठ वल्लं होईन."

"होऊ दे," लालसू म्हणाला.

"नाई. मुखरूची गाडी नवी हाये. त्याच्याकडं टांग."

लालसूनं हात पुढं केला नाही. बाबांनी दोर त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याची गाठ सारखी केली. कोणी आपला दोर नेला तर माणूस रडत नाही, चहा पाजतो. पण बाबा आत गेले आणि रात्रीच्या भाकरीपर्यंत बाहेर आले नाहीत. दादा ओसरीतल्या रिकाम्या खुंटीकडं बघत बसला. मग म्हणाला, "मुखरूले गाडी चालवता येत नाई. ड्रायव्हर शोधून राह्यला तो."

आई म्हणाली, "आपल्या बाबाले सांगशील?"

"तूच सांग, माय."

*

दादा मुखरूकडं गेला. एटापल्लीत मुखरूच्या दुकानामागं त्याला खोली मिळाली. जीप बदामाखाली उभी राहिली. आधी तिच्यावर पानं पडली, मग कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. काका परत आले नाहीत. पोरांची परीक्षा, ऑफिसचं काम, काकूची तब्येत, काही ना काही निरोप यायचा. खुर्ची आत, धान्याच्या कोठीमागं गेली. बाबा लाकडाच्या वखारीवर हिशेबाला बसू लागले आणि घरात आम्ही पिकअप हा शब्द उच्चारेनासे झालो. मी नववी पास झाले, वर्गात पहिली. बाबांनी पेढे आणले नाहीत, जिलबी आणली. का ते मी विचारलं नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी रस्त्यावरून हॉर्न वाजला. लांब, जराही खोकल्यासारखा नसलेला, नवा हॉर्न. मी धावत बाहेर गेले.

ती पांढरी होती. पांढरी आणि अजून इतकी नवी की तिच्या सीटांवरचा प्लास्टिकचा कागद निघालेला नव्हता. दादा स्टिअरिंगवर. शेजारी शकुबाई, राणीसारखी. मागं गठ्ठ्यांचा डोंगर आणि डोंगरावर लालसू. सगळे दोर तिथं होते. निळा, काथ्याचा, सालीचा. मी ते सगळे खुंटीवर इतकी वर्षं पाहिले होते, पण एकत्र ताणलेले असे पाहिले नव्हते. ही आमची होती. मला दुसरं काही सुचेना. ही आमची होती, हिच्यासाठी आम्ही अंगण झाडलं होतं.

दादा खाली उतरला नाही. त्यानं नुसतं आईकडं पाहून मान हलवली. आईनं आत जाऊन भाकरीचं फडकं आणलं आणि खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवलं.

बाबा वखारीवर जायला निघाले होते. ते फाटकात थांबले. मला भीती वाटली की ते आत वळतील. ते वळले नाहीत. ते गाडीला वळसा घालून मागं गेले. माल त्यांनी डोळ्यांनी मोजला, जसा पूर्वी मोजत. मग पुढं होऊन त्यांनी काथ्याचा दोर हातात धरून ओढून पाहिला. तो ढिला होता. त्यांनी गाठ सोडली, पाय मागच्या फळीला लावला, वर झालेला आपला उजवा आणि उतरलेला आपला डावा खांदा, दोन्ही टाकून तो ताणला, आणि त्यांची ती गाठ मारली जी आमच्याकडं दुसऱ्या कोणाला येत नाही. मग निळा. मग लालसूचा. लालसू वरून पाहत होता. मुखरूचा माणूस बरोबर असता तर त्यानं विचारलं असतं की हा कोण.

"नाल्यापाशी उतरून पाह्यजो," बाबा आरशाकडं बघत म्हणाले. "सालीचा दोर वल्ला झाला का ढिला पडते."

"हो, बाबा," दादा म्हणाला.

इंजिन चालूच होतं. ते जपानचं इंजिन, इतकं हळू बोलत होतं की हातपंपाचं पाणी टपकलेलं ऐकू येत होतं. रस्ता मोकळा होता, बाजाराला उशीर होत होता, शकुबाई दोनदा दादाकडं पाहून झाली. गाडी हलली नाही. दादाचे डोळे आरशात होते.

तेव्हा बाबांना कळलं. जीप निघताना ते मागच्या फळीवर तळहातानं थाप मारत. थाप पडली की माल पक्का, आता जा. दादानं थापेशिवाय गिअर टाकायचा नाही, हे त्याला बाबांनीच शिकवलं होतं.

बाबांनी हात वर उचलला. थोडा वेळ तो तसाच हवेत राहिला, नव्या पांढऱ्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर.

मग त्यांनी थाप मारली.